मिठाईवरचा वर्ख: लग्नाच्या मुलाने खावा का?

रामबागकर:
परवा इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतून काजूकतली आणली, तर मार्चमध्ये बोहल्यावर चढणारा आमचा मुलगा नखाने वर्ख खरवडत बसला. नॅनो-चांदीने, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांनी, शुक्राणूंची वाट लागते म्हणे. आजी हसली, मला हसू आलं नाही. २००५ साली उंदराच्या शुक्रजनक मूलपेशींवर चांदी, मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि अॅल्युमिनियमचे नॅनोकण टाकून पाहिले, त्यात चांदी सगळ्यात घातक ठरली. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रियाच मंदावले. वृषणातल्या सर्टोली पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट करून वाढत्या शुक्रपेशींना भरवतात, कारण त्यांना नुसत्या ग्लुकोजवर नीट जगता येत नाही. दाईचंच दूध आटलं तर? वर्खाला ना चव ना वास. बंद करा, एवढंच माझं म्हणणं.

जुना_केमिस्ट:
काका, तो प्रयोग काचेच्या बशीतला. तिथे कण थेट पेशीवर पडतात. पोटातल्या आम्लात चांदीचे बारीक कण काही प्रमाणात विरघळतात, मग क्लोराइडशी जुळून त्या चांदीचा बराचसा साका होतो. आणि वर्ख नॅनो कुठून? आपल्या नियमात चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत चांदी. हिशेब मांडा: जाडी सुमारे २७० नॅनोमीटर. नॅनो म्हणजे १०० च्या आत.

रामबागकर:
भिया, २.८ ही वरची हद्द. फुंकरीने उडणारा, बोटावर चुरा होणारा वर्ख किती पातळ असतो ते मोजलंय का? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१६ मध्ये कणांच्या आकाराची माहिती अपुरी म्हणून चांदीला सुरक्षित म्हणायचं टाळलं.

जुना_केमिस्ट:
तरी तिथे चांदी चालूच आहे. बंदी आली टायटेनियम डायऑक्साइड या खाण्याच्या पांढऱ्या रंगावर, २०२२ मध्ये. वर्षात चार कतल्या खाणाऱ्याने एवढं घाबरायचं?

सांवेर_रोडची:
तुमच्या कतल्या राहू द्या. आमचे हे सांवेर रोडला कारखान्यात वेल्डिंग करतात. तो धूर म्हणजे धातूचे बारीकातले बारीक कण, दिवसभर नाकातून. वर आगीची धग, आणि वृषणाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमीच लागतात. लग्नाला सहा वर्षं झाली. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून डॉक्टर म्हणाले तेवढे दिवस काम बदला. शेठ म्हणाले, मग घरीच बसा. वर्ख आमच्याकडे दिवाळीलाच येतो हो.

जुना_केमिस्ट:
ताई, नुसता कापडी रुमाल बांधतात की फिल्टरचा मास्क?

सांवेर_रोडची:
रुमाल.