काटकोनी खांद्यांसाठी बोटॉक्स, आणि म्हणे "धोका शून्य"

रानजाई:
काल इथे एकीने लिहिलं, "कोरियन हिरॉइन्ससारखे काटकोनी खांदे हवेत तर ट्रॅपेझियसमध्ये बोटॉक्स घ्या, दहा मिनिटांचं काम, धोका शून्य." वाचून डोकंच फिरलं. मी फिजिओ आहे, रोज लोकांचे खांदेच बघते. अहो, ट्रॅपेझियस म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू, तो शोभेचा आहे का? हात डोक्यावर न्यायचा तर खांद्याचं पातं वर फिरवायला तोच लागतो, त्याला बोटॉक्सने ढिला पाडून बारीक करायचं, मग मान भरून येते, तीन-चार महिन्यांत असर उतरला की परत सुई. औषध पसरून गिळायला, श्वासाला त्रास होऊ शकतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये चौकटीतला इशारा छापायला लावलाय. आणि खांद्याचा उतार हाडांवरही असतो, तिथे सुई काय करणार?

निळावंती:
ते मीच लिहिलं होतं. उगाच घाबरवू नका, मायग्रेनसाठी २०१० पासून हेच औषध मान्य आहे, तेव्हाही ट्रॅपेझियसमध्ये टोचतातच. माझ्या बहिणीची मान उलट मोकळी झाली.

रानजाई:
मायग्रेनला एकूण १५५ युनिट, त्यातले ट्रॅपेझियसला दोन्ही बाजू मिळून ३०. खांदा बारीक दिसावा म्हणून बहुतेक वेळा त्याहून जास्त टोचतात, आणि त्या कामाला एफडीएची मान्यता नाही.

घाटमाथा:
बोटॉक्सचं राहू द्या, खांद्यांची वाट दप्तराने लागते! पोरगी सातवीत, ३२ किलोची, दप्तर काट्यावर ठेवलं तर साडेसात किलो. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्के म्हटलंय. शाळेत विचारलं तर "वेळापत्रक बघून भरा". बघूनच भरलं होतं हो!

जुनाखोड:
आम्ही पण वाहिली दप्तरं, काही झालं नाही.

घाटमाथा:
तुमच्या वेळी पाटी आणि दोन पुस्तकं होती काका. रात्री पोरीच्या खांद्यावर पट्ट्यांचे लाल वळ दिसतात, या एकदा बघायला.

आंबेमोहर:
भांडू नका, मी घेतलंय ते इंजेक्शन, लग्नाच्या दीड महिना आधी. ब्लाउजमध्ये खांदे छान दिसले, खोटं नाही बोलणार. पण तिसऱ्या आठवड्यापासून केस विंचरताना हात वर टिकेना, हळदीच्या दिवशी वेणी आईने घातली, आणि क्लिनिकमध्ये यातलं आधी कोणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

निळावंती:
बरं, "धोका शून्य" काढते. बाकी घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, यावर मी ठाम आहे.

रानजाई:
ठरवा ना, पण आधी हे सगळं कळू दे. घाटमाथा, मुलीला दाखवून घ्या एकदा, दोन्ही पट्टे लावते का ते बघा.