ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं) बेडजवळ घ्यायची ठरलंय, पण सह्या काउंटरवरच होतात. काय करू?

तीन_नंबर_वॉर्ड

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. ३२ बेड, १४ सिस्टर, २ ब्रदर. इन्चार्ज होऊन आठ महिने झाले. त्याआधी सहा वर्षं याच वॉर्डात स्टाफ होते. म्हणजे ज्यांच्याबरोबर नाइटला डबे उघडले, त्यांच्याच आता ड्युट्या लावते. अर्धी अडचण तिथंच असावी अशी मला शंका आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

जूनमध्ये एका आजोबांचं दुपारी हर्नियाचं ऑपरेशन होतं. सकाळपासून एनबीएम, म्हणजे तोंडानं काहीच द्यायचं नाही. मॉर्निंगच्या सिस्टरनं रिपोर्ट बुकात तसं लिहिलंही होतं. दोन वाजता काउंटरवर ओव्हर चालू असताना फोन वाजला, मग डिस्चार्जवाला नातेवाईक बिल घेऊन आला, आणि परत सुरुवात झाली ती आजोबांच्या पुढच्या नावापासून. सव्वादोनला चहाचे मामा आले. आजोबांनी मागितला, नवी सिस्टर म्हणाली, "घ्या की." दुधाचा चहा! भूलतज्ज्ञांनी केस दुसऱ्या दिवसावर ढकलली. मुलगा रजा काढून पुण्याहून आला होता. त्यानं वॉर्डात जे ऐकवलं ते मी उभी राहून ऐकलं, आणि तो चुकीचं बोलतोय असं म्हणायलाही तोंड नव्हतं.

त्यात एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाची तयारी. मॅनेजमेंटनं ठरवलं की १ जुलैपासून ओव्हर प्रत्येक बेडजवळ, आयएसबार पद्धतीनं. पेशंटची ओळख, आत्ताची स्थिती, मागचा इतिहास, तपासणीत काय दिसलं, पुढं काय करायचं. छापील कागद, देणारीची आणि घेणारीची सही. मला मनापासून पटलं. ट्रेनिंगही मीच घेतलं.

तीन दिवस छान चाललं, कारण तीन दिवस मेट्रन मॅडम (नर्सिंगच्या प्रमुख) दोन वाजता वॉर्डात उभ्या होत्या. चौथ्या दिवसापासून पुन्हा काउंटर. मागच्या सोमवारी फाइल चाळली तर मंगळवारच्या इव्हिनिंगच्या कागदांवर दोन्ही सह्या आदल्या दिवशीच झालेल्या. पेशंटचं नाव कोरं, सही तयार. त्यावेळी मी काहीच बोलले नाही. घरी जाऊन भांडी जरा जोरात घासली.

आमच्याकडं एक ताई आहेत, २४ वर्षं याच वॉर्डात. कागदाकडं न बघता ३२ पेशंटची ओव्हर देतात, कुणाच्या ड्रेनमध्ये (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) किती आलं तेसुद्धा. मीटिंगमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "बघू किती दिवस टिकतंय." त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही.

एमएस्सी केलेल्या मैत्रिणीनं संस्थेत बदल कसा घडवायचा यावरच्या स्लाइड्स पाठवल्या. कर्ट लेविनच्या तीन पायऱ्या, म्हणजे आधी गोठलेलं वितळवा, मग बदला, मग पुन्हा गोठवा. शिवाय कॉटरच्या आठ. वाचल्या. पण सोमवारी दोन वाजता मी नेमकं काय करायचं ते त्यात सापडलं नाही. मेट्रन मॅडम म्हणतात मेमो काढ. काढू का?

फाइल_क्लोज

काढा मेमो. मी हॉस्पिटलच्या अॅडमिनमध्ये ११ वर्षं आहे. आधी तारीख टाकून सही करणं म्हणजे खोटं रेकॉर्ड. उद्या कोर्टात केस गेली तर हाच कागद तुमच्या गळ्यात येईल. दोन मेमो गेले की सगळी घडी बसते.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, दुसऱ्या शहरात. आमच्याकडंही बेडसाइड ओव्हर आली आणि मी स्वतः काउंटरवर सह्या केल्या आहेत. आता शिव्या द्या.

आमची मॉर्निंग ८ ते २, इव्हिनिंग २ ते ८, नाइट ८ ते ८. तुमचीही तीच असणार. आता सांगा, या वेळापत्रकात ओव्हरला वेळ कुठाय? मॉर्निंग दोनला संपते आणि इव्हिनिंग दोनला लागते. काउंटरवर २० मिनिटांत उरकायचं. बेडजवळ ३२ पेशंट, प्रत्येकी दीड मिनिट धरलं तरी ४८ मिनिटं. आणि दीड मिनिटात होतच नाही. बेडजवळ गेलं की नातेवाईक धरतात. डॉक्टर कधी येणार, सलाईन संपलं, पंखा बंद आहे, सिस्टर जरा बाटली भरून देता का. आमच्यातल्या एकीची गावाकडची एसटी २.२० ला. ती चुकली की पुढची पावणेचारला, आणि पोरगं साडेतीनला शाळेतून येऊन कुलपासमोर बसतं. ती मीटिंगमध्ये हे बोलेल? नाही बोलणार. "पेशंट सेफ्टी"च्या पुढं एसटीचं नाव काढायलाही लाज वाटते.

तीन लेटमार्कला अर्धा दिवस कापतात. पण दोनच्या पुढं रोज अर्धा तास थांबलेलं कुठल्या मशीनमध्ये दिसतं? फाइलवाले साहेब, त्याचा कुणाला मेमो गेलाय का आजपर्यंत?

आणि तो कागद. रिपोर्ट बुकात लिहा, नर्सेस नोट्समध्ये लिहा, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरा, इनटेक-आउटपुट भरा, आता हा पाचवा. तुम्ही एक कागद वाढवलात. कमी कुठला केलात?

जुनी_परिचारिका

मी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून सरकारी नोकरीत लागले, परिसेविका (वॉर्ड इन्चार्ज) झाले, आणि एका जिल्हा रुग्णालयातून अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले. तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी मेमोचं. आत्ता काढू नकोस. खोटी सही गंभीरच आहे, फाइलवाले म्हणतात ते खरं. पण मेमो काढलास की उद्यापासून सह्या वेळेवर होतील, एवढंच. काउंटरवरच होतील, फक्त दोन वाजता होतील. मग तुला कळायचंही बंद. आदल्या दिवशीची सही सापडली हे तुझं नशीब समज.

माझी एक फजिती सांगते. २०१६ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नवे नियम आले, १९९८ चे गेले. पिवळी, लाल, पांढरी, निळी, चार रंग. आम्ही ट्रेनिंगं घेतली, भिंतीवर तक्ते लावले, सगळ्यांची परीक्षा घेतली. परीक्षेत सगळ्या पास! आणि हातमोजे, सलाईनचे सेट, नळ्या, जे लाल बादलीत जायला हवं, ते रोज पिवळीत. मी वॉर्डावॉर्डात ओरडत फिरले. दोघींना मेमोही दिले, त्यातल्या एकीची आजही लाज वाटते.

मग एका सकाळी स्टूल टाकून ड्रेसिंग चालू असताना तिथंच बसले. काही न बोलता, आठपासून अकरापर्यंत. ड्रेसिंग ट्रॉलीला बादल्या अडकवायच्या कड्या दोनच. एकीत पिवळी, एकीत सुयांचा पांढरा डबा. लाल बादली वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, बाथरूमजवळ. रक्तानं भरलेले हातमोजे घेऊन, जखम उघडी टाकून, कोण जाईल तिथवर? मीही गेले नसते. बाजारातल्या वेल्डरकडून तिसरी कडी बसवून घेतली, दोनशे रुपये, माझ्या पर्समधून. कागदोपत्री मागणी केली असती तर माझ्या निवृत्तीनंतर आली असती. आठवड्यात निम्मी तक्रार संपली. उरलेली संपली ती बादल्या उचलणाऱ्या मावशींना ट्रेनिंगला बसवल्यावर. तोवर त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. आम्ही वेगळं केलेलं त्या खाली नेऊन एकाच पोत्यात ओतत होत्या.

तर तूही बस. चार दिवस, पावणेदोन ते पावणेतीन. घड्याळ आणि वही. कोण चुकतंय ते लिहू नकोस, कशात किती मिनिटं जातात ते लिही. रात्रपाळी म्हणतेय ते तुझ्या वॉर्डात किती खरं आहे ते आकड्यात दिसेल. मग मॅनेजमेंटकडं जा, पण रिकाम्या हातानं नको, हिशोब घेऊन. प्रत्येक ड्युटी १५ मिनिटं आधी लावायची, संपायची वेळ तीच. १५ मिनिटं गुणिले महिन्याच्या २४ ड्युट्या म्हणजे ३६० मिनिटं. सहा तास. म्हणजे बरोबर एक मॉर्निंग. महिन्याला एक जादा ऑफ माग. फुकट थांबा म्हणू नकोस, ते सगळ्यांना कळतं.

बेडजवळ ३२ जण कशाला? आज ऑपरेशन झालेले, उद्या होणारे, नवीन अॅडमिशन, ड्रेन, रक्त चालू असलेले, एनबीएम, आणि ज्याच्याकडं बघून तुझ्या पोटात गोळा येतो तो. दहा-बारा होतील. बाकीचे काउंटरवर भरभर. मॅनेजमेंटच्या कागदात "प्रत्येक पेशंट" असेल तर तेही तोंडी नको, लेखी बदलून घे.

ताईंचं. इथं पुढचा कुणीतरी सांगेल की त्यांनाच या बदलाची पुढारी करा. मी तसं एकदा केलं. त्या बाईंनी बिल्ला लावला आणि बाकीच्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. बिल्ला नको. त्यांच्याबरोबर एक फेरी मार आणि विचार, "ताई, तुम्ही ओव्हर घेताना पहिल्यांदा काय बघता?" त्या जे सांगतील ते लिहून घे, आणि त्या छापील कागदाशी ताडून बघ. २४ वर्षं चुकलेली नाही म्हणजे तिच्या डोक्यात कागद आहेच, आपल्यापेक्षा बरा. आणि एक बारीक गोष्ट. कागद इंग्रजीत आहे का? त्यांना लोकांसमोर इंग्रजी लिहायला संकोच वाटतो का? हे त्यांना विचारू नकोस, बघ.

गोठणं-वितळणं राहू दे. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळं आपोआप वितळतं.

लीड्सची_मराठी

मी इंग्लंडात लीड्समध्ये एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) वॉर्डात आहे, आधी नाशिकला होते. इथं दिवसाची ड्युटी सकाळी साडेसात ते रात्री आठ, रात्रीची संध्याकाळी साडेसात ते सकाळी आठ. म्हणजे दोन्ही टोकांना अर्धा तास दोन्ही टीम एकत्र, आणि तो ड्युटीतच धरलेला. जुन्या_परिचारिका म्हणतात तेच. इथल्या बायका काही जास्त शहाण्या नाहीत, वेळ मिळतो म्हणून करतात. तरी गर्दीच्या दिवशी बेडजवळ न जाता दारात उभं राहून उरकणं इथंही चालतं.

एक सांभाळा. सगळंच बेडजवळ बोलायचं नसतं. शेजारच्या बेडवर गावातलाच माणूस असतो. एचआयव्ही, गर्भपात, दारू, घरातली मारहाण, हे आधी आत बोलून घ्यायचं आणि मग बेडकडं जायचं. एचआयव्हीबद्दल तर भारतात २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय उघड करता येत नाही. तुमच्या सिस्टर बेडजवळ जायला नको म्हणतात त्यात हेही कारण असू शकतं, विचारून बघा.

तीन_नंबर_वॉर्ड

तीन आठवड्यांनी लिहितेय. आधी आभार, रात्रपाळी तुमचे सगळ्यात जास्त. वाचून राग आला होता, मग लाज वाटली. सहा वर्षं मीही त्याच दोनच्या काट्याकडं बघत होते, आठ महिन्यांत विसरले.

बसले चार दिवस. ओव्हरला सरासरी ४१ मिनिटं. त्यात पेशंटबद्दलचं बोलणं १९. बाकी फोन, नातेवाईक, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली शोधणं. किल्लीवर रोज तीन-चार मिनिटं जातात हे मला माहीतच नव्हतं! ती आता भिंतीवरच्या एका खिळ्यावर असते. पावणेदोन ते सव्वादोन फोन वॉर्डक्लार्क घेतो, आणि दारावर मामा उभे राहून नातेवाईकांना बाहेर थांबवतात. मामांना हे काम फार आवडलंय, जरा जास्तच.

१५ मिनिटांचा हिशोब घेऊन गेले. एचआर आधी हसले, मग कॅल्क्युलेटर काढला. फक्त माझ्या वॉर्डाला, तीन महिने, महिन्याला एक जादा ऑफ. मेडिसिन वॉर्डाच्या इन्चार्ज माझ्याशी बोलत नाहीत. रिपोर्ट बुकात पेशंटवार लिहायचं बंद करायची परवानगी मेट्रन मॅडमनी दिली. त्यात आता फक्त सेन्सस (पेशंटची संख्या) आणि विशेष घटना. कागद एक वाढला होता, तो असा फेडला.

कोऱ्या सह्यांबद्दल सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की ते कागद मी पाहिलेत, मेट्रन मॅडमना दाखवलेत, आणि पुन्हा दिसले तर मेमो निघेल. कुणाचं नाव घेतलं नाही. दोघी खाली बघत होत्या.

ताईंबरोबर फेरी मारली. त्या बेडपाशी गेल्यावर आधी पेशंटकडं बघतच नाहीत, बेडखाली बघतात. युरिन बॅग, ड्रेन, बादली. मग हाताची सुई. मग तोंड. "तोंड शेवटी, कारण माणूस सिस्टरसमोर बरा चेहरा करतो." आमच्या कागदात ड्रेन शेवटच्या ओळीत होता. क्रम बदलला, कागद मराठीत छापला. त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ खाली घातली: "चहा द्यायचा का? हो / नाही." इंग्रजीचं तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. मी विचारलं नाही.

रोज होतं का? मॉर्निंग ते इव्हिनिंग, बहुतेक दिवस होतं. रविवारी नाही. नाइट ते मॉर्निंग अजून काउंटरवरच. बारा तास उभी राहिलेली बाई सकाळी पावणेआठला वेळेवर सुरू करत नाही, आणि तिला बोलायला माझी जीभ वळत नाही. नाइटचं काय करावं?

जुनी_परिचारिका

नाइटचं सावकाश बोलू. सकाळी सहापासूनची रक्तं, इंजेक्शनं, स्पंजिंग, बेडमेकिंग यातलं काय मॉर्निंगकडं सरकवता येईल ते आधी लिहून काढ, मग ये. आणि तो तीन महिन्यांचा ऑफ एचआरकडून लेखी घेतलास का? नसशील तर उद्याच घे. ऑक्टोबरात तिथला माणूस बदलला तर कुणाला आठवणार नाही.