मदत हवी आहे : निलगिरीतल्या ऱ्होडोडेंड्रॉनचा नकाशा जुळेना

नमस्कार मंडळी, नागपुरात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतेय. निलगिरी डोंगरातल्या ऱ्होडोडेंड्रॉनचा (फुलझाड) संभाव्य अधिवास मॅक्सेंटमध्ये (नोंदी आणि हवामानावरून झाड कुठे वाढू शकेल याचं मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) काढायचाय. हवामान वर्ल्डक्लिम या जागतिक डेटासेटचं, १९७०–२००० ची सरासरी, नकाशाचा एक चौकोन साधारण १ किमीचा. गोची तिथेच आहे. झाड वाढतं शोला (डोंगरातलं सदाहरित जंगल) आणि गवताळ रानाच्या सीमेवर, आणि ती अख्खी सीमा एका चौकोनात गडप! त्यात जीबिफवरून (सजीवांच्या नोंदींचा खुला जागतिक साठा) उतरवलेल्या माझ्याकडच्या नोंदी बहुतेक रस्त्यालगतच्या. मॉडेल झाड शोधतंय की रस्ता, कळत नाही. (मेळघाटातलं झाड असतं तर स्वतः जाऊन बघितलं असतं.)

एसआरटीएमच्या (उपग्रहासारखं अवकाशातून मोजलेल्या उंचीचा डेटा) ३० मीटरच्या चौकोनांतल्या उंचीवरून उतार आणि उताराची दिशा काढून मॉडेलमध्ये घातली तर चालेल? की आधी त्याच भागातल्या इतर झाडांच्या नोंदी पार्श्वभूमी (मॉडेल ज्यांच्याशी तुलना करतं ते बिंदू) म्हणून वापरून नोंदींचा रस्त्याकडचा कल काढून टाकू? आर (संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा) थोडंफार येतं. प्रत्यक्ष केलेल्यांनीच सांगा, प्लीज.