मार्को इनारोस: हल्ला पक्का, पुढचं सगळं वाऱ्यावर?

कक्षाभ्रष्ट
'द एक्स्पान्स' या विज्ञानकथा मालिकेच्या पाचव्या-सहाव्या सीझनचा रहस्यभेद आहे. न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

माझ्या मते मार्को (लघुग्रहपट्ट्यातल्या, म्हणजे 'बेल्ट'मधल्या वसाहतींचा बंडखोर नेता) हा टीव्हीवरच्या विज्ञानकथांमधला सर्वांत हुशार हल्लेखोर आणि सर्वांत भिकार राज्यकर्ता आहे. पृथ्वीवरचा दगडांचा हल्ला कसा रचलाय बघा. मंगळाच्या नौदलातून काळ्या बाजारात आलेलं स्टेल्थ साहित्य लघुग्रहांवर चढवलं. मार्कोचा मुलगा फिलिप याच्या टोळीने शुक्राजवळच्या संशोधन जहाजावर धाड टाकली. पहिला दगड पश्चिम आफ्रिकेजवळ समुद्रात पडला, त्यामुळे तो नैसर्गिक वाटला. दुसरा फिलाडेल्फियावर. पृथ्वी गोंधळलेली असतानाच टायको या बेल्टमधल्या अवकाशस्थानकात तिथला प्रमुख फ्रेड जॉन्सन याचा खून आणि प्रोटोमॉलेक्यूल या परग्रही तंत्रज्ञानाची चोरी. कुठेही फट नाही.

आणि मग? भाषण. बेल्टला उद्या अन्न, सुटे भाग, औषधं कोण पुरवणार, याचं उत्तर सहाव्या सीझनच्या शेवटापर्यंत येत नाही. बोलाचीच कढी.

गणिती_गोम
हल्ल्यात फट नाही हे मान्य नाही. स्टेल्थ लेपाने रडार चुकवता येईल, उष्णता नाही. काळा लेप सूर्यप्रकाश शोषणार, दगड तापणार आणि अवरक्त दुर्बिणीत तो उलट जास्तच उठून दिसणार.

तरीही योजना बसते, पण वेगळ्या कारणाने. चेल्याबिन्स्कचा दगड (१५ फेब्रुवारी २०१३) साधारण २० मीटरचा होता, वेग सेकंदाला सुमारे १९ किमी. त्याला कुणी लेप लावला नव्हता, तरी आधी कुणालाच दिसला नाही, कारण तो सूर्याच्या दिशेने आला. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या आत आहे. तिकडून दगड सोडला की सूर्याचा झगमगाट फुकटात आडोसा देतो.

खरी अडचण वातावरणाची. ३० मीटर व्यासाचा खडक, घनमीटरला ३ टन धरा: वजन सुमारे ४२ हजार टन. सेकंदाला २० किमीने आला तर ऊर्जा साधारण २ मेगाटन टीएनटीएवढी. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. पण ठिसूळ खडक वरच फुटतो. चेल्याबिन्स्कचा जवळपास ३० किमी उंचीवर फुटला आणि खाली मुख्यतः काचा गेल्या. शहर उडवायचं तर लोखंडी दगड निवडा, नाहीतर खडक बराच मोठा घ्या. ॲरिझोनातलं १.२ किमीचं विवर सुमारे ५० मीटरच्या लोखंडी दगडाने केलंय. (लोणारचं सुमारे १.८ किमीचं, तेही बेसाल्टमध्ये. मार्कोने बुलढाण्याची सहल काढायला हवी होती.)

सीरिसचा_पाणक्या
लोखंड-खडक ठीक, पण मूळ मुद्दा हेतूचा आहे. कक्षाभ्रष्ट, तुम्ही मार्कोला राज्यकर्त्याच्या फूटपट्टीने मोजताय. परग्रहींच्या वलयातून तेराशेहून जास्त नव्या सूर्यमालांची दारं उघडली, त्याच दिवशी बेल्टचा धंदा बुडाला. मोकळी हवा आणि पाणी असलेले ग्रह मिळत असताना बर्फ ओढणाऱ्यांना कोण विचारणार? बेल्टरांची हाडं गुरुत्वाकर्षण पेलत नाहीत, म्हणजे ते तिकडे जाऊही शकत नाहीत. मंगळाचंही तेच: ग्रह हिरवा करण्याचं पिढ्यान्पिढ्यांचं काम एका रात्रीत निरर्थक ठरलं, म्हणून तर त्यांचे अधिकारी जहाजं विकायला बसले.

तेव्हा योजनेचा दुसरा भाग आहेच. वलयाच्या आत रेलगन (विद्युतचुंबकी तोफा) बसवा आणि टोलनाका चालवा. सीरिस हा बेल्टमधला मोठा तळ सोडून जाणं हा तर कहर डाव होता. साठे उचलायचे, उपाशी तोंडं शत्रूच्या गळ्यात बांधायची.

कक्षाभ्रष्ट
सीरिसवरच तर घोडं पेंड खातं! ती उपाशी तोंडं बेल्टरांचीच. मार्कोविरुद्ध उठलेली बेल्टर कप्तान ड्रमर हिने हेच जाहीरपणे सांगितलं आणि मार्कोची माणसं फुटू लागली. शिवाय दगडांचा सगळा समन्वय 'अझ्यूर ड्रॅगन' या एकाच टेहळणी जहाजावर. ते पकडलं की मारा आंधळा. राखीव व्यवस्था शून्य.

आणि हेतू बेल्टचाच असेल तर 'चेट्झमोका' जहाजाचा सापळा कशाला? जहाजात बॉम्ब, नाओमीच्या (मार्कोची जुनी प्रेयसी, फिलिपची आई) आवाजातली खोटी हाक, सगळं तिचा आताचा जोडीदार होल्डन या एका माणसासाठी. नाओमीने प्रक्षेपण तोडून त्या हाकेचा अर्थ फिरवला आणि सापळा उघडा पडला. युद्ध चालू असताना सेनापती जुन्या प्रेयसीवर सूड उगवत बसला, याला राजकारण म्हणायचं?

तिसरी_घंटा
दोघंही बुजगावण्यावर भांडताय. योजना मंगळाचा बंडखोर अधिकारी दुआर्ते याची होती. त्याने मार्कोला युद्धनौका दिल्या आणि बदल्यात प्रोटोमॉलेक्यूल घेतला. पृथ्वी, मंगळ, बेल्ट एकमेकांत गुंतले, तोवर हा वलयापलीकडच्या लाकोनिया ग्रहावर जाऊन निवांत बसला. मार्को जिंकला काय, हरला काय, दुआर्तेचा हिशोब पहिल्याच दिवशी चुकता झाला होता.

सीरिसचा_पाणक्या
निवांत? त्याच्याच गोटातलं 'बार्कीथ' जहाज वलयाच्या दारातून जाताना गिळलं गेलं, ॲडमिरल सोव्हतेरसकट.

गणिती_गोम
आणि तोच पुरावा मार्कोसमोर होता. एका वेळी ठरावीक मर्यादेपलीकडे वस्तुमान-ऊर्जा वलयातून गेली की आतलं 'काहीतरी' जागं होतं आणि जहाज नाहीसं होतं. नाओमीने गायब जहाजांच्या नोंदी मांडून हे ताडलं. मार्कोकडे ताफा होता, मित्राचं जहाज गेलेलं होतं, तरी कारण शोधायला त्याने कुणाला बसवलं नाही. आपलं जहाज 'पेला' घेऊन थेट आत घुसला.

कक्षाभ्रष्ट
फिलिप मात्र आधीच उतरला होता. आडनावही आईचं लावून.