चाळीस हजारांची पॉवर केबल आणि घरघर

तारमास्तर: परवा खर्जप्रेमींनी लिहिलं की चाळीस हजारांची पॉवर केबल लावल्यावर अँपची (अँप्लिफायरची) घरघर निम्म्यावर आली, वर तानपुऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा झंकार) "धूळ झटकल्यासारखी" खुलली. राहवेना म्हणून लिहितोय. डीपीपासून तुमच्या भिंतीपर्यंत साधीच वायर येते, शेवटचा दीड मीटर काय दिवे लावणार? आधी घरघर नीट ऐका. 50 हर्ट्झची खोल गुणगुण असेल तर बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन अर्थिंगांमधून फिरणारा करंट. 100 ची, जरा खरखरीत असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झाले असतील. सेट-टॉप बॉक्सची अँटेना केबल उपटून बघा. तिकडचं अर्थिंग वेगळं, तुमच्या सॉकेटचं वेगळं. दोन्हींतल्या फरकाचा करंट बॉक्स आणि अँपला जोडणाऱ्या आरसीए (ऑडिओ) केबलच्या शिल्डमधून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, वाहतो आणि तोच तुम्ही ऐकता. मध्ये आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण अर्थिंगचा दुवा तोडणारा डबा) टाकला की संपलं.

खर्जप्रेमी: आम्ही कानांनी ऐकतो, मल्टिमीटरने नाही. ती केबल ऐकलीत का तुम्ही? नाही ना? मग चालू द्या.

तारमास्तर: डोळ्यांवर पट्टी बांधून ओळखून दाखवा. वडापाव माझ्याकडून.

स्मिता_ठाणे: आमच्याकडे पंखा हळू केला की फोनोतून (रेकॉर्ड प्लेयरच्या इनपुटमधून) किर्रर्र. वायरमन म्हणे अँप गेला. डिमरवाला रेग्युलेटर काढून कपॅसिटरचा स्टेपवाला लावला, चिडीचूप!

गिरगावकर: कशाला एवढा खटाटोप? मी अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकली. घरघर बंद. खर्च शून्य.

तारमास्तर: पिन काढली?? आत इन्सुलेशन गेलं तर कॅबिनेटवर थेट 230 व्होल्ट! लूप तोडायचा तो सिग्नलच्या बाजूने, अर्थिंग कापून नाही. घरात पोरंबाळं आहेत ना?

गिरगावकर: ओरडू नका. आमच्या जुन्या बिल्डिंगीत अर्ध्या सॉकेटांना तिसऱ्या भोकामागे वायरच नाही.

तारमास्तर: मग पिन काढून घरघर गेली कशी? थापा मारा, पण जरा जपून.

गिरगावकर: थापा कसल्या! हॉलात वायर आहे. वायरमनने ती नळाच्या पाइपाला बांधलीये.

स्मिता_ठाणे: नळाच्या?! अहो, खालच्या मजल्यावर कुणी ओल्या हाताने नळ सोडला म्हणजे? आमच्याकडे फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. मीटिंगमध्ये अर्थिंगच्या खड्ड्याचा विषय काढला तर निधी नाही. लॉबीत ग्रॅनाइट बसवायला मात्र होता.

तारमास्तर: दोघांनीही आधी 30 मिलीअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. अर्थिंग नसलं तरी अंगातून जमिनीत करंट जायला लागला की तो पडतो.

गिरगावकर: होता की. सारखा पडायचा म्हणून वायरमनने काढला.

तारमास्तर: पडायचा कारण गळती आहे, महाराज!! कोपरापासून नमस्कार.

खर्जप्रेमी: तुमचं नळपुराण चालू द्या. सेट-टॉपची केबल काढून पाहिली, उरलेली घरघरही गेली. मान्य. जवारी मात्र पॉवर केबलनेच खुललीये, त्यावर वाद नको.

तारमास्तर: पट्टी तयार आहे. कधी येताय?