१३ वर्षांच्या मुलीला स्कोलिओसिस: कारण नेमके काय असू शकते?

केतकीचे_पान

माझी मुलगी १३ वर्षांची असून गेल्या वर्षभरात तिची उंची भराभर वाढली आहे. मध्यंतरी खाली पडलेली वही उचलायला ती वाकली असता पाठीचा उजवा भाग डाव्यापेक्षा वर आलेला दिसला. नीट पाहिल्यावर उजवा खवाटाही पुढे आलेला आणि कमरेची एकच बाजू आत गेलेली आढळली. अस्थिरोगतज्ज्ञांनी उभ्याने एक्स-रे काढायला सांगितला. त्यात छातीच्या भागात उजवीकडे २४ अंशांचा बाक आहे. निदान ‘इडिओपॅथिक स्कोलिओसिस’ (म्हणजे ठरावीक कारण न सापडलेला कण्याचा बाक) असे असून चार महिन्यांनी पुन्हा दाखवायचे आहे.

निश्चित कारण सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले आणि तेव्हापासून घरातील प्रत्येक जण स्वतःचे कारण सांगू लागला आहे. कोणी दप्तराला दोष देतो, कोणी मोबाईल घेऊन पोक काढून बसण्याला, कोणी दूध न पिण्याला. आठव्या वर्षी ती सायकलवरून पडली होती, त्याचीही आठवण निघाली. माझ्या मावशीचा एक खांदा लहानपणापासून खाली आहे, हे मला आता खटकू लागले आहे. या वयात कणा वाकण्याची कोणती कारणे असू शकतात आणि तपासल्यावर त्यांपैकी कोणती बाद करता येतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मणका_आणि_कणा

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. मुलीला न तपासता तिच्याविषयी काही ठाम सांगणे योग्य होणार नाही, परंतु कारणांचा विचार आम्ही कसा करतो ते सांगतो.

एक्स-रेवर मोजलेला बाक १० अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. यात कणा केवळ बाजूला झुकत नाही, तर मणके स्वतःभोवती वळतातही आणि त्यांना जोडलेल्या बरगड्या मागे ढकलल्या जातात. वाकल्यावर आपल्याला दिसलेला उंचवटा याच वळण्यामुळे आलेला असतो. किशोरवयात २ ते ३ टक्के मुलामुलींमध्ये असा बाक आढळतो आणि स्कोलिओसिसच्या सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये कोणतेही एक कारण दाखवता येत नाही. ‘इडिओपॅथिक’ हा शेरा मात्र सहज मारलेला नसतो. मणक्यांची जन्मजात रचना, स्नायू व मज्जातंतूंचे विकार आणि जोडऊतींचे आजार यांची शक्यता तपासणीत मागे पडल्यानंतरच तो लिहिला जातो.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, त्यामुळे आपल्या मावशींचा उल्लेख डॉक्टरांना जरूर सांगावा. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा विकार असल्यास दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के, तर भिन्न जुळ्यांमध्ये ते त्याच्या जवळपास निम्मे आढळले आहे. एलबीएक्स१ आणि जीपीआर१२६ या जनुकांजवळील बदलांचा संबंधही वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत दिसून आला आहे. तरीही हे एका जनुकाचे काम नाही. अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र येतात, आणि एकसारख्या जुळ्यांतही दोघांचे कणे नेहमीच सारखे वाकत नाहीत, यावरून जनुकांपलीकडेही काहीतरी घडत असणार हे उघड आहे.

मला विशेष महत्त्वाचे वाटते ते असे, की बाक सुरू का झाला आणि तो वाढतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुधा मिळत नाही. दुसऱ्याचे बऱ्याच अंशी ठाऊक आहे. कणा एकदा थोडा वाकला की आतल्या बाजूच्या वाढीच्या कूर्चेवर अधिक दाब येतो, दाबाखाली हाडाची वाढ मंदावते, बाहेरची बाजू मात्र वाढत राहते, आणि पाचरीसारखे झालेले मणके बाक आणखी वाढवतात. म्हणूनच उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सर्वांत जोखमीचा असतो. लहान बाक मुलगे आणि मुली यांच्यात साधारण सारख्याच प्रमाणात दिसतात, पण ३० अंशांच्या पुढे गेलेल्या बाकांत मुलींची संख्या कितीतरी पट अधिक असते. आपल्या मुलीचे चार महिने याच दृष्टीने महत्त्वाचे आहेत. २० ते २९ अंशांचा बाक आणि कंबरेच्या हाडावरील वाढीची खूण, म्हणजे रिसर श्रेणी, ० किंवा १ असेल तर तो वाढण्याची शक्यता बरीच असते; तीच श्रेणी २ ते ४ असल्यास ती पुष्कळ कमी होते. तिची श्रेणी किती आहे, हे आवर्जून विचारून घ्या.

वळणवाट

आमच्या मुलाच्या बाबतीत कारण स्पष्ट सापडले, म्हणून लिहीत आहे. तो चार वर्षांचा असताना एक्स-रेमध्ये एक मणका अर्धाच तयार झालेला दिसला. असे दोष गर्भ अगदी थोड्या आठवड्यांचा असताना, मणके आकार घेत असतानाच निर्माण होतात आणि बाक मात्र कधीकधी बऱ्याच उशिरा लक्षात येतो. त्याच सुमारास मूत्रपिंडे आणि हृदयही घडत असल्याने डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी व हृदयाची इको तपासणी करून घेतली. एक मूत्रपिंड नसल्याचे आम्हाला त्यामुळेच कळले. मी गरोदरपणात काय चुकले असेन, हा प्रश्न मला फार छळत असे. तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांनी असे बोट दाखवता येत नाही असेच सांगितले. आपल्या मुलीच्या एक्स-रेमध्ये मणक्यांचा आकार सामान्य असेल तर हा प्रकार बहुतेक बाद होतो.

श्वास_आणि_स्नायू

फिजिओथेरपिस्ट म्हणून दप्तराबद्दल लिहिणे मला भाग आहे. जड दप्तराने पाठ दुखू शकते, खांदे आखडू शकतात, परंतु त्यामुळे मणके वळून कायमचा बाक येतो असा पुरावा नाही. पोक काढून बसणे, झोपण्याची पद्धत, दूध न पिणे यांनाही हेच लागू आहे. इडिओपॅथिक स्कोलिओसिस असलेल्या काही मुलींमध्ये हाडांची घनता कमी आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी खालावलेली आढळते खरी, पण ते कारण आहे की केवळ सोबत आढळणारी गोष्ट, हे सिद्ध झालेले नाही. सायकलवरून पडल्यावर मणका मोडला नसेल तर त्या पडण्याचाही संबंध जोडता येत नाही. एक पाय आखूड असल्यास किंवा दुखण्यामुळे स्नायू आखडल्यास पाठ वाकडी दिसते. तो बाक बसल्यावर किंवा दुखणे थांबल्यावर नाहीसा होतो आणि त्यात बरगड्यांचा उंचवटा येत नाही.

कारण शोधण्यासाठी पुढे जावे लागेल अशा काही खुणा मात्र आहेत. रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, एकाच पावलाची कमान वाढत जाणे आणि छातीच्या भागातील बाक डावीकडे असणे, यांपैकी काही असेल तर मज्जारज्जूचे एमआरआय करतात. दहा वर्षांच्या आत बाक दिसला तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी किंवा कवटीच्या तळाशी मेंदूचा भाग खाली सरकलेला सापडण्याची शक्यता अधिक असते. अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग असल्यास न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा, तर हातापायांची बोटे फार लांब, सांधे सैल आणि उंची कुटुंबापेक्षा बरीच जास्त असल्यास मार्फान सिंड्रोमचा विचार होतो. सेरेब्रल पाल्सी आणि ड्युशेन स्नायुविकार यांत कण्याला धरून ठेवणारे स्नायूच कमकुवत असल्याने बाक येतो, पण तिथे मूळ आजार सहसा आधीच माहीत असतो.

केतकीचे_पान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला रात्री दुखत नाही, अंगावर डाग नाहीत आणि अहवालात मणक्यांची रचना सामान्य असल्याचे लिहिले आहे. रिसर श्रेणी १ आहे. मासिक पाळी अद्याप सुरू झालेली नाही. तिचा धाकटा भाऊ ९ वर्षांचा आहे, त्याचाही एक्स-रे काढावा का?

मणका_आणि_कणा

श्रेणी १ आणि पाळी सुरू न झालेली, म्हणजे तिची बरीच वाढ अजून शिल्लक आहे. चार महिन्यांची तारीख पुढे ढकलू नका. पुढच्या एक्स-रेमध्ये बाक वाढून २५ अंशांच्या पुढे गेला असेल तर डॉक्टर ब्रेसविषयी (धडाभोवती घालायच्या कडक आधारपट्ट्याविषयी) बोलतील. दिवसातले पुष्कळ तास वापरलेला ब्रेस बाकाची वाढ रोखण्यास मदत करतो.

मुलाचा एक्स-रे लगेच काढण्याची गरज नाही. त्याला शर्ट काढून, गुडघे सरळ व दोन्ही तळहात जुळवलेले ठेवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीच्या दोन्ही बाजू एका पातळीत दिसतात का ते पाहा. उंची वाढत असेपर्यंत दर सहा महिन्यांनी हे करावे, आणि उंचवटा दिसला तरच डॉक्टरांकडे न्यावे.