मदत हवी आहे: भरलेल्या ५० काडतुसांत एखाद्यात दुप्पट पावडर (बंदुकीची दारू) पडली असेल तर वजनावरून कळेल का?

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत राहतो. .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आहे, पण सरावाला त्यात बसणारी कमी दाबाची .३८ स्पेशल काडतुसंच वापरतो. गेल्या हिवाळ्यापासून काडतुसं घरीच भरतो. इथे स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. (भारतातल्या वाचकांनी कृपया हे करून पाहू नये. तिथे आर्म्स ॲक्टखाली परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.)

काडतुसं भरायची प्रेस साधी, एका वेळी एकच काम करणारी. छापील मॅन्युअल आणि पावडर कंपनीच्या साइटवरचा तक्ता, दोन्ही समोर ठेवूनच भरतो. सुरुवातीच्या वजनापासून वर जातो, कमाल आकड्याच्या जवळपासही फिरकत नाही. टेबलावर पावडरचा एकच डबा असतो. पावडरचं नाव आणि नेमकं वजन इथे मुद्दाम देत नाही, कोणी इथून उचलून वापरायला नको.

शनिवारी रात्री दहाच्या सुमारास तळघरात बसलो होतो. ५० भोकांच्या ठोकळ्यात प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) बसवलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी) उभ्या केल्या आणि मेझरने, म्हणजे पावडर मापून सोडणाऱ्या साधनाने, एकेकीत पावडर सोडत होतो. तिसऱ्या रांगेत असताना आईचा फोन आला. तिच्याकडे सकाळचे साडेसात, चहा घेत निवांत बोलत होती, वीस मिनिटं गेली. परत येऊन उरलेल्या पुंगळ्या भरल्या, गोळ्या बसवल्या, पुंगळीची कड गोळीवर आवळली (क्रिम्प) आणि डबा बंद केला. अंथरुणावर पडल्यावर आठवलं, गोळ्या बसवण्याआधी टॉर्च मारून आत बघितलंच नाही. दरवेळी बघतो. फोनआधी नेमकं कुठल्या पुंगळीवर थांबलो होतो, तेही काही केल्या आठवेना.

.३८ स्पेशल १८९८ सालचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. म्हणून पुंगळी ऐसपैस आहे. माझी पावडर चारेक ग्रेनच लागते, ती निम्मी पुंगळीही भरत नाही. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, सोनाराच्या एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन बसतील. त्यामुळे दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, गोळी सहज बसते.

काल सगळी ५० काडतुसं वजन केली. पंखा बंद, काटा चेकवेटने तपासलेला. सर्वांत हलकं २२८.९ ग्रेन, सर्वांत जड २३४.६. पुंगळ्या चार-पाच कंपन्यांच्या मिसळलेल्या आहेत. जड दिसणारी पाच-सहा काढून टाकली तर बाकीची वापरता येतील का? रेंजवरचे एक गृहस्थ म्हणाले, ".३५७ ची बंदूक आहे, सोसेल."

दुसरा छोटा प्रश्न: माझ्या १५८ ग्रेनच्या गोळ्यांवर तांब्याचा पातळ मुलामा आहे. मॅन्युअलमध्ये शिशाच्या आणि जॅकेटवाल्या (वर धातूचं जाड कवच असलेल्या) गोळ्यांचे आकडे वेगवेगळे आहेत. मी कुठले धरावेत?

प्रतिसाद १

वापरू नका, एकही नाही. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे: सर्वांत हलक्या आणि जड काडतुसात ५.७ ग्रेनचा फरक, आणि पावडर फक्त चार ग्रेन. हलक्या पुंगळीत दुप्पट पावडर पडलेलं काडतूस जड पुंगळीत बरोबर पावडर असलेल्या काडतुसाएवढंच भरेल.

आणि नुसती दुप्पट पावडरच कशाला, एखादी पुंगळी कोरीही राहिली असेल. मग नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलून अडकवतो, आवाज 'फुस्स' येतो, आणि लक्ष न देता पुढची गोळी झाडली की नळी फुटू शकते. आवाज वेगळा आला की तिथेच थांबायचं, सिलिंडर रिकामा करायचा आणि नळी आरपार मोकळी आहे का बघायचं.

"सोसेल" या शब्दावर हात आणि डोळे पणाला लावू नका. सामी या अमेरिकेतल्या शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या संस्थेची दाबाची मर्यादा .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे आणि .३५७ ला ३५,०००. पण जलद जळणारी पावडर दुप्पट केली की दाब नुसता दुप्पट होऊन थांबत नाही, त्याहून बराच वर जातो.

प्रतिसाद २

काडतुसातून गोळी बाहेर काढणारा हातोडीसारखा पुलर मिळतो, त्याने सगळी फोडा. डोळ्यांना चष्मा हवाच. प्रत्येकातली पावडर वेगळी तोला, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. निघालेली पावडर डब्यात परत ओतू नका. शिशाला हात लागलेला असतो, काम झाल्यावर साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

मुलाम्याच्या गोळ्यांसाठी गोळी बनवणाऱ्या कंपनीचीच सूचना बघा. बहुतेक जण शिशाचे आकडे धरायला सांगतात. जॅकेटच्या कमाल आकड्यापर्यंत तर जाऊच नका.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी बसलो, अडीच तास लागले. प्रत्येकावर आधी मार्करने कालचं वजन लिहिलं, मग फोडलं. ४९ बरोबर निघाली. एकातून ८.२ ग्रेन पावडर पडली. त्या काडतुसाचं वजन २३२.७ होतं, म्हणजे मी ठेवणार होतो त्यांतलंच. काट्याच्या पॅनमधली ती ढिगली बघून हात गार पडले.

आता फोन वरच्या मजल्यावर ठेवून खाली जातो. ती रिकामी पुंगळी टॉर्चशेजारी ठेवली आहे, तिच्यावरचा २३२.७ पुसलेला नाही.